वैराच्या मुळाशी केलेला करार

राष्ट्राराष्ट्रांतील सख्य सद्भावनेने वाढते, असा एक सोयीस्कर समज परिषदांच्या ठरावांतून पिढ्यान् पिढ्या जोपासला गेला आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात जे आर्थिक ऐक्य साकार झाले, त्याचा उगम शोधू गेल्यास तेथे सद्भावनेपेक्षा दगडी कोळसा आणि पोलाद या दोन जिनसांचा हिशेबच अधिक आढळतो, आणि त्या ऐक्याचे टिकाऊपणही, माझ्या मते, याच हिशेबात आहे.

रूरच्या खोऱ्यातील कोळसा जर्मनीचा आणि लोरेनमधील लोहखनिज फ्रान्सचे, ही निसर्गाची वाटणी दोन्ही राष्ट्रांना कधीच मानवली नाही. १८७१ मध्ये जर्मनीने अल्सास आणि लोरेनचा काही भाग बळकावला, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे परतला, १९२३ मध्ये युद्धखंडणीच्या वसुलीसाठी फ्रान्स व बेल्जियमने रूरमध्ये फौजा घातल्या, आणि १९४० मध्ये अल्सास-लोरेनचा तो मुलूख पुन्हा जर्मन अंमलाखाली गेला. रोबेर शूमन हा फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री याच सरहद्दीचे अपत्य होता: त्याचे घराणे लोरेनचे, जन्म लक्झेंबर्गचा, आणि पहिल्या महायुद्धापूर्वीचे त्याचे नागरिकत्व जर्मनीचे.

९ मे १९५० रोजी शूमनने पॅरिस येथे जी घोषणा केली, तिचा मसुदा फ्रान्सच्या पुनर्रचना-योजनेचा प्रमुख जाँ मोने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला होता. फ्रान्स व जर्मनीचे कोळशाचे व पोलादाचे सारे उत्पादन एका सामाईक उच्चाधिकारी मंडळाच्या हाती सोपवावे, आणि इतर राष्ट्रांनाही त्यात प्रवेश असावा, अशी ती योजना होती. यात निव्वळ परमार्थ नव्हता. मोनेच्या पुनर्रचना-योजनेला रूरच्या कोळशाची निकड होती, तर चान्सेलर आडेनाउअर यांच्या पश्चिम जर्मनीला, विजेत्यांनी रूरवर बसविलेल्या नियंत्रणाऐवजी, बरोबरीचे स्थान हवे होते.

१८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी करारनाम्यावर सह्या केल्या. त्यातील खरी नवलाई अशी की, मंडळाच्या सभासदांना आपापल्या सरकारचे हुकूम घेण्याची मनाई होती, मंडळाला उत्पादनावर थेट कर बसविण्याचा अखत्यार होता, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यास स्वतंत्र न्यायालय होते. कोळशाच्या खाणी नुकत्याच राष्ट्रीय मालकीच्या करून बसलेल्या ब्रिटनच्या मजूर सरकारला हा अधिकारत्याग रुचला नाही, आणि ते बाहेर राहिले.

हे सारे अमेरिकेच्या पैशाने व रशियाच्या धाकाने घडले, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि मार्शल योजनेच्या मदतीसाठी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या सोळा राष्ट्रांच्या संघटनेपाशी तोच पैसा आणि तोच धाक असूनही, सभासदांना बांधून घेणारा स्वतंत्र अधिकार तिला नसल्यामुळे, तिच्यातून असे ऐक्य उपजले नाही. उलट, संरक्षणासारख्या विषयात एकदम उडी घेतली, तेव्हा १९५४ मध्ये फ्रान्सच्या विधिमंडळानेच सामाईक युरोपीय सैन्याची ती योजना मोडीत काढली, आणि मुत्सद्द्यांना पुन्हा व्यापाराच्या वाटेने, सामाईक बाजारपेठेच्या १९५७ च्या रोम कराराकडे वळावे लागले.

आपल्या उपखंडाने याच्या विरुद्ध रीत पत्करली. १९८५ मध्ये ढाका येथे स्वीकारलेल्या सार्कच्या सनदेने सर्व निर्णय एकमताने घेण्याचे ठरवून द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतूनच वगळले. म्हणजे ज्या वादांमुळे शेजारी शेजाऱ्याला भितो, तेच दाराबाहेर ठेवून आत सौजन्याची बैठक मांडली. भारत, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांच्यात विजेची देवघेव आज चालू आहेच. तिचे दर, वहन आणि तंटे यांपुरता का होईना, चारही सरकारांवर बंधनकारक असा निवाडा देणारे एखादे मंडळ या देशांनी उभारले, तर शिखरपरिषदांच्या अनेक जाहीरनाम्यांपेक्षा तेच अधिक मोलाचे ठरेल, असे मला वाटते.