नेमबाजाचा पट्टा कोण शिवणार?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी महाराष्ट्राला बहात्तर वर्षे थांबावे लागले, आणि दोन्ही वेळा पदक आले ते कोल्हापूर-साताऱ्याच्या मातीतून. त्याआधी २०१० साली तेजस्विनी सावंत म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या होत्या. राही सरनोबतही कोल्हापूरच्याच. नेमबाजीत या एका शहराएवढे नाव महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शहराचे क्वचितच असेल.

दुसरी बातमी जून २०२५ ची. इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमधील फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी चप्पल दाखविली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर ते घेतले. वृत्तपत्रांनी पहिली बातमी क्रीडा पानावर छापली, दुसरी व्यापाराच्या पानावर. आम्हाला या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात, कारण नेमबाजाच्या अंगावर बंदुकीखालोखाल महत्त्वाचे काही असेल तर ते कातडे आहे.

रायफल नेमबाज गुडघ्यावर बसून किंवा पालथे पडून नेम धरतो तेव्हा त्याच्या दंडाला एक पट्टा अडकविलेला असतो. दंडापासून निघून तो रायफलच्या पुढच्या भागाला जोडलेला असतो. बंदुकीचा भार स्नायूंनी नव्हे, तर हाडांनी आणि या पट्ट्याने पेलायचा असतो. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. साठ गोळ्या झाडेपर्यंत पट्टा थोडा जरी ताणला गेला तरी नेम सरकतो. म्हणून तो जनावराच्या पाठीच्या कातड्यातून कापावा लागतो. पोटाचे कातडे सैल असते, ते ओढ सहन करीत नाही. डाव्या हातात जाड, पट्ट्यापासून हात वाचविणारा मोजा. अंगात कॅनव्हास आणि कातड्याचे जाकीट. पायात सपाट तळव्याचा बूट.

हे सगळे मापात असावे लागते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे पट्टा ४० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. मोज्याची पुढची-मागची जाडी मिळून १२ मिलिमीटरच्या आत हवी, जाकिटाच्या एका थराची अडीच मिलिमीटरच्या आत, बुटाचा तळ १० मिलिमीटरच्या आत. जाकिटाचा कडकपणाही यंत्रावर मोजतात. माप चुकले तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो, मग त्याचा नेम कितीही अचूक असो.

आता कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या कारागिराचा हात पाहा. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, रापीने एका झटक्यात घेतलेली कड, आरीने पाडलेली समान अंतरावरची भोके, कातड्याच्याच वादीची शिवण. पाठ कुठली, पोट कुठले, हे त्याला बोटाने चाचपून कळते. नेमबाजाच्या पट्ट्याला जे ज्ञान लागते त्याचा मोठा भाग या हातात आहे. मात्र वरच्या पातळीवरचे नेमबाज प्रामुख्याने जर्मनीच्या साऊर, फिनलंडच्या कुर्ट थुने अशा युरोपीय कंपन्यांचे साहित्य वापरतात. गरिबाघरच्या पोराला जाकीट आणि विजारीची किंमत ऐकूनच घाम फुटतो. कारागिराच्या गल्लीतून शूटिंग रेंजकडे जाणारी वाट कुणी बांधलीच नाही.

याचे कारण केवळ व्यापारी नाही. कातडे हाताळणाऱ्याला आपल्या समाजाने कधी तंत्रज्ञ मानलेच नाही. मेलेले ढोर ओढायचे एका जातीने, कातडे कमवायचे ढोर-कक्कय्या समाजाने, शिवायचे चांभाराने, आणि नफ्याची पेटी तिसऱ्याच्याच दुकानात. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले की जातीने कामे वाटली नाहीत, तर काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली. मृत गुरे ओढणे सोडा असे त्यांनी सांगितले ते गावकीच्या सक्तीविरुद्ध. कातड्यात पैसा नाही असे त्याला म्हणायचे नव्हते. ऑक्टोबर १९५१ मध्ये ते जालंधरला गेले. तेथील बूटा मंडीतील माणसे स्वतः चामड्याचे कारखानदार होती, आणि पंजाबातील आद-धर्म चळवळीला त्यांच्याच पैशाचा आधार होता. काम तेच, पण चावी कोणाच्या खिशात आहे यावर सगळे ठरते.

म्हणून 'पारंपरिक वारसा', 'पिढीजात कला' असे शब्द सरकारी जाहिरातीत दिसले की आम्ही सावध होतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत चर्मकामही आहे. आधी एक लाख, मग दोन लाख रुपये कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. कर्ज जरूर घ्यावे. परंतु योजनेची भाषा कुटुंबाच्या धंद्याची आणि गुरू-शिष्य परंपरेची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने याच मुद्द्यावर ती जशीच्या तशी राबविण्यास नकार दिला, आणि तो योग्य होता. चर्मकाराच्या मुलाने रापीच धरली पाहिजे असे नाही, आणि रापी धरणारा चर्मकाराचाच मुलगा असला पाहिजे असेही नाही.

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी लिहिणे आवश्यक आहे. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी जनहित याचिका दाखल केली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. न्यायालयाने विचारले की भौगोलिक उपदर्शनाचे नोंदणीकृत मालक स्वतः का आले नाहीत? मालक कोण? महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर. दोन्ही सरकारी! डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने करार केला तोही या दोन महामंडळांशीच, सुमारे ८०० युरोंच्या चपलेसाठी. परंतु १९९९ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दाद मागण्याचा हक्क अधिकृत वापरकर्त्यालाही आहे, आणि कलम १७ खाली असा वापरकर्ता म्हणून प्रत्येक कारागिराला नाव नोंदविता येते. किती जणांना हे कोणी सांगितले? शिवाय ती नोंदणी चपलेपुरती आहे. उद्या त्याच कातड्याचा नेमबाजीचा पट्टा केला तर त्याला तिचे छत्र नाही. तेथे स्वतःचे बोधचिन्ह, स्वतःच्या नावाने नोंदवावे लागेल.

कच्च्या मालाचे काय? २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, परराज्यातून आणलेले मांस बाळगण्यावरचे कलम मात्र रद्द केले. म्हशीवर बंदी नाही. मेलेल्या जनावराचे कातडे काढणे हा गुन्हा नाही. तरीही जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आमच्या भावांना काय भोगावे लागले ते वाचक विसरलेले नाहीत. कातड्याची गाडी रस्त्यावर अडविणाऱ्याला कायद्याचे पुस्तक लागत नाही. ही भीती आहे तोवर कारागिराच्या हाती कातडे उशिरा आणि महाग येणार.

हा बाजार लहान आहे हे आम्ही जाणून आहोत. कृत्रिम धाग्याचे पट्टे आले आहेत, ते ताणत नाहीत आणि घामाने फुगतही नाहीत. एकट्या पट्ट्यावर गल्ली जगणार नाही. पण पट्टा, मोजा, गुडघ्याखालची उशी, पिस्तुलाचे म्यान, तिरंदाजाचे हातरक्षक, असे सगळे धरले तर गिऱ्हाईक कोण? निमलष्करी दले, क्रीडा प्राधिकरण, सैन्य. सैन्याचे नेमबाजी प्रशिक्षण केंद्र महूला आहे, बाबासाहेबांच्या जन्मगावी! केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावयाची आहे. अनेक वर्षे हे उद्दिष्ट दूरच राहिले, आणि अधिकारी सांगतात की पुरवठादार मिळत नाहीत.

पुरवठादार व्हायला भागीदारीत किमान ५१ टक्के वाटा आपला लागतो. जातीचा दाखला लागतो, आणि धम्मदीक्षा घेतलेल्या कारागिराने येथे घाबरण्याचे कारण नाही, १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही तो हक्क दिला आहे. उद्यम नोंदणी लागते. नावापुरता आपला माणूस पुढे करून मागे दुसऱ्याचे भांडवल ठेवले तर तो धंदा पुन्हा तिसऱ्याच्याच दुकानात जाईल. असे प्रस्ताव घेऊन माणसे येतात तेव्हा आम्ही आधी विचारतो की बँकेच्या खात्यावर सही कोणाची आहे.

चर्मोद्योग महामंडळाने निदान एवढे करावे: नेमबाजी महासंघाची मापे मराठीत छापून कारागिरांच्या वस्तीत वाटावीत, जाडी आणि कडकपणा मोजण्याची यंत्रे कोल्हापुरात एका ठिकाणी ठेवावीत, आणि शहरातल्या नेमबाजांना बोलावून पहिले पंचवीस पट्टे त्यांच्या दंडावर चढवून पाहावेत. ताणला कुठे, घासला कुठे, हे नेमबाजाने कारागिरासमोर बसून सांगावे.