वॉरंट निघालंय का, हे विचारायचं कुणाला?

गेल्या वर्षी रमजानच्या आठ-दहा दिवस आधी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अब्बा घरी आले. मोंढ्यात हमाली करणारा माणूस. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते. "मास्तरजी, पुलिस आके गई. हाथ में कागद था, दिखाई नै," एवढंच म्हणाले. पोलीस आले तेव्हा चाचा घरी नव्हते. चाचींनी दाराआडून जे ऐकलं त्यातला एकच शब्द त्यांच्या लक्षात राहिला होता, वॉरंट. त्यानंतरच्या दोन रात्री चाचा देगलूरला बहिणीकडे झोपले होते.

आमच्याकडे कागद कळेनासा झाला की लोक मास्तरकडे येतात. आधार, रेशनकार्ड, टीसी, सातबारा, आणि आता हे. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, कायदा शिकलेलो नाही. तरी मोबाइल काढला आणि ई-कोर्ट्सची साइट उघडली. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडलं. मग पक्षकाराचं नाव आणि खटला नोंदल्याचं वर्ष. इथंच गाडी अडली. चाचांना खटला आहे हेच माहीत नव्हतं, तर वर्ष कुठून सांगणार? मी एकेक वर्ष मागे जात राहिलो, आणि दर वेळी त्या वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा भरत राहिलो.

आणि नाव. मराठवाड्यातल्या मुसलमानाचं नाव कागदावर कसं असतं ते इथल्या कुणालाही विचारा. शेख महेबूब शेख इस्माईल. सय्यद, पठाण सोडले तर अर्धा मोहल्ला शेख, आणि त्या अर्ध्यातले निम्मे महेबूब, खाजा नाहीतर चाँद. नाव इंग्रजीत टाकायचं, तर शेखचं स्पेलिंग कोणतं? एस-एच-ए-आय-के-एच, एस-एच-ई-आय-के-एच, एस-एच-ई-के-एच, की ठाण्यातला कारकून लिहितो तसं नुसतं एस-के? मोहम्मदचं तर विचारूच नका. मी दरवर्षी दहावीचे फॉर्म भरताना या स्पेलिंगांशी कुस्ती खेळतो. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. तीच कुस्ती त्या रात्री आम्ही दोघं खेळलो. चाचांच्या नावाची बरीच माणसं निघाली. साइटवर ना वय, ना गल्ली. यातले आमचे चाचा कोण आणि कुणाचे चाचा कोण, हे मी कसं सांगणार? एका खटल्यात पुढच्या तारखेच्या रकान्यात एनबीडब्ल्यू ही अक्षरं होती, म्हणजे अजामीनपात्र वॉरंट. ते बघून माझेच हात गार पडले.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकिलांना घेऊन कोर्टात गेलो. रोजनामा बघितल्यावर उलगडा झाला. तो खटला चाचांचाच होता. बांधावरून झालेली जुनी मारामारी. गावातल्या बुजुर्गांनी मशिदीसमोरच्या ओट्यावर दोन्हीकडच्यांना बसवून मिटवली होती, चहा झाला होता, गळाभेट झाली होती. कोर्टाला मात्र हे कुणी कळवलंच नाही. साधी दुखापत, शिवीगाळ असल्या गुन्ह्यांत तडजोड करायला कायद्याची मुभा आहे, पण ती कोर्टासमोर व्हावी लागते. ओट्यावरच्या तडजोडीने खटला संपत नाही. मधल्या काळात समन्स निघाले असतील, जामीनपात्र वॉरंटही निघालं असेल. चाचा कधी हैदराबादला, कधी ऊसतोडीला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत समन्स घरच्या प्रौढ पुरुषाकडे द्यायची तरतूद होती. घरी बाई एकटी असेल तर कागद तिच्या हाती पडायचा नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यातला 'पुरुष' शब्द काढला, आता घरातली कुणीही प्रौढ व्यक्ती समन्स घेऊ शकते. छोटा बदल वाटतो, पण आमच्याकडच्या निम्म्या घरांत दिवसा फक्त बायकाच असतात.

या निमित्ताने थोडं वाचलं. वॉरंटला मुदत नसते. जुन्या कायद्यातलं कलम 70 आणि नव्यातलं 72 हेच सांगतं की, ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंत असतं. अटक करताना पोलिसाने त्यातला मजकूर सांगायचा आणि मागितलं तर कागद दाखवायचा, हे कलम 77. पण हा हक्क ज्याला अटक करायची त्याचा. चाचींना कागद दाखवलाच पाहिजे, असं त्यात लिहिलेलं नाही. अटक झालेल्यांची माहिती प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल स्वरूपातही, लावायची असं कलम 37 म्हणतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालामुळे, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर चोवीस तासांत साइटवर टाकावा लागतो. म्हणजे गुन्हा नोंदला तर कळतं आणि अटक झाली तर कळतं. या दोन टोकांच्या मधलं वॉरंट मात्र अंधारात. अटक टाळायची तर कळायला हवं ते तेव्हाच.

आमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या कोर्टाने 2018 मध्ये आंध्रचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आणि इतर पंधरा जणांविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढलं होतं. प्रकरण 2010 च्या बाभळी बंधाऱ्याच्या आंदोलनाचं. आठ वर्षांनी निघालेलं ते वॉरंट दोन्ही राज्यांतल्या चॅनलवर गाजलं, आणि नायडूंचे वकील कोर्टात धावले. कोर्टाचं कौतुक वाटलं, मुख्यमंत्र्यालाही तोच कागद. पण मुख्यमंत्र्याला वॉरंट निघाल्याचं टीव्ही सांगतो. हमालाला ते पहाटे दारावरची थाप सांगते.

वकिलांचीही यातून सुटका नाही, हेही तेव्हाच कळलं. मुंबईतल्या एका वकिलाचं वॉरंट कोर्टाने 12 ऑगस्ट 2002 ला रद्द केलं होतं, तरी 15 ऑगस्टला पोलिसांनी त्यांना त्याच वॉरंटवर पकडलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2011 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की, कोर्टाने वॉरंटांची नोंदवही ठेवावी, प्रत्येकाला क्रमांक द्यावा, आणि रद्द झालं की पोलिसांना लगेच कळवून कागद परत मागवावा. वही आहे, क्रमांक आहे. ज्याचं नाव त्या वहीत आहे, त्याला ती उघडून दाखवायची सोय मात्र नाही.

माझा एक तरुण सहकारी म्हणतो, "सर, अमेरिकेत बघा. कितीतरी काउंट्यांमध्ये शेरीफच्या साइटवर वॉरंटवाल्यांची यादीच असते. आपल्याकडेही टाका." मला हे अजिबात पटत नाही. अशी यादी उद्या नांदेड-लातूरच्या साइटवर आली तर संध्याकाळपर्यंत ती गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असेल. शेख महेबूब नावाचा एक माणूस यादीत असेल आणि पन्नास शेख महेबूबांच्या पोरींची लग्नं अडतील, भाड्याची खोली हातची जाईल. आमच्या समाजाला नावावरून संशयाचा अनुभव काही कमी नाही. मालेगावच्या 2006 च्या स्फोटात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना दोषमुक्त व्हायला 2016 उजाडलं. त्यांची अटक पहिल्या पानावर होती. दोषमुक्तीची बातमी तेवढ्याच लोकांनी वाचली का, हा प्रश्न मी वर्गातही विचारतो.

म्हणून मला यादी नको, खिडकी हवी. माणसाने तालुक्याच्या कोर्टात आधार घेऊन जावं आणि विचारावं, माझ्या नावाने काही आहे का? आणि तिथल्या माणसाने मराठीत, लागलं तर आमच्या दखनीत, उत्तर द्यावं. नाव, बापाचं नाव, वय, गाव जुळवून. विचारायला आला म्हणून त्याला तिथंच धरून ठेवू नये, आजच्या आज न्यायाधीशांसमोर अर्ज करायची वाट दाखवावी. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, महिलांना आणि गरिबांना वकील फुकट मिळतो, 15100 हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. हे काम तिच्याकडे द्यायला नवा कायदा कशाला लागतो? कुणी म्हणेल, अशाने खरे गुन्हेगार सावध होऊन पळतील. गंभीर गुन्हे वगळा की. पण तारीख चुकलेला, चेक न वटलेला, पोटगी थकलेला माणूस पळतो तो बहुतेक वेळा काय आहे ते न कळल्यामुळे. चाचा देगलूरला पळाले नसते तर दोन दिवस आधीच कोर्टात उभे राहिले असते. आणखी महिनाभर राहिले असते तर कागदोपत्री फरार झाले असते.

या अंधाराचा फायदा दुसरेच लोक घेताहेत. व्हॉट्सअॅपवर शिक्का मारलेलं खोटं वॉरंट पाठवायचं, व्हिडिओ कॉलवर वर्दी दाखवायची आणि खातं रिकामं करायचं. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही, फसवणूक झाली तर 1930 वर फोन करा, असं सरकार सांगतं. बरोबरच आहे. पण खरं वॉरंट कुठे तपासायचं हेच माहीत नसलेला माणूस खोटं वॉरंट ओळखणार कसं?

फिर्याद, जामीन, मुचलका, फरार, हजर. कोर्टाच्या मराठीतले हे शब्द फारसी-अरबीतून आले. निजामाच्या राजवटीत इथली कचेरी उर्दूत चालायची. शब्द आमच्याच घरातले आहेत, तरी त्यांची भीती सगळ्यात जास्त आम्हालाच वाटते, हे मला उर्दूच्या तासाला नेहमी गमतीचं वाटायचं. आता तेवढं वाटत नाही.

चाचांचं वॉरंट अर्जावर रद्द झालं. मुचलका दिला, पुढे लोकअदालतीत तडजोड नोंदवली गेली आणि खटला निकाली निघाला. ईदच्या दिवशी शीरखुर्मा घेऊन आले तेव्हा पहिला प्रश्न हाच, "मास्तरजी, मेरा नाम निकल गया ना मोबाइल में से?" मी बघितलं. नाव होतंच, फक्त आता 'प्रलंबित'ऐवजी 'निकाली' लिहिलं होतं. चाचांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि खटल्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून मागितला. आता ती चिठ्ठी त्यांच्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात असते.