पाणी जाऊनच नाही राहिलं!

हिंजवडी असो की बीकेसी, प्रत्येक ऑफिसात विदर्भातला एक तरी गडी असतोच. गाव विचारलं आणि तो 'राळेगाव' म्हणाला, की समोरचा लगेच विचारतो, "अण्णा हजारेंचं?" मग बिचाऱ्याला दर वेळी तेच पुराण लावावं लागतं. अरे बाबा, ते राळेगणसिद्धी, नगरकडचं. आमचं राळेगाव यवतमाळ जिल्ह्यातलं. कापसाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं ठिकाण!

तर या गड्याने, किंवा तिथल्या एखाद्या मुलीने, पहिल्या दणदणीत इन्क्रीमेंटनंतर काय केलेलं असतं? आईबाबांच्या घराचा मेकओव्हर! जुनी मोरी गेली, चकाचक ओटा आणि स्टीलचं सिंक आलं. न्हाणीत टाइल्स, शॉवर, गीझर. फोटो फॅमिली ग्रुपवर पडले, अंगठ्यांचा पाऊस पडला. आणि चार-सहा महिन्यांत आईचा फोन. "अरे, पाणी जाऊनच नाही राहिलं नं!"

बजेट सगळं दिसणाऱ्या वस्तूंवर गेलं, न दिसणाऱ्या पाइपाचा विचार कुणीच केला नाही. तुमच्या भाड्याच्या वन बीएचकेचीही स्टोरी डिट्टो हीच. फरक इतकाच, की तिथलं पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून गळतं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं.

मोरीचा फंडा

जुनी मोरी दिसायला साधी, पण तिचा फंडा भारी होता. उरलंसुरलं अन्न आधी गुरांच्या टोपल्यात जायचं. भांडी घासलेलं पाणी परसात, केळीच्या नाहीतर अळूच्या आळ्यात. सगळं उघडं, त्यामुळे काही अडकलंच तर लगेच दिसायचं.

सिंकचं तसं नाही. त्याखालचा पाइप जेमतेम दीड इंचाचा आणि तोही मुद्दाम वाकवलेला. त्या वाकात थोडं पाणी कायम साठून राहतं. तेच गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५मध्ये फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यातली मुख्य आयडिया हीच होती. बाथरूमच्या जाळीखालीही असाच ट्रॅप असतो आणि आपल्याकडच्या प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांत त्याचं नाव काय छापतात, माहितेय? 'नहाणी ट्रॅप'! आपली न्हाणी थेट टेक्निकल झालीय की!

गोची एकच. जो वाक वास अडवतो, तोच कचराही अडवतो.

खलनायक नंबर वन : तर्री

विदर्भात रश्श्यावर तर्री नसेल तर पाहुण्याचा अपमान होतो. मान्य! पण जेवण झाल्यावर तीच तर्री सिंकमध्ये गेली की पाइपाचा अपमान होतो. गरम असताना तेल पाण्यासारखं पळतं. पुढे पाइपात गार झालं की कडेला चिकटतं. तूप आणि डालडा तर सरळ गोठतात. त्या चिकट थरावर चहाची पत्ती बसते, भाताची शितं बसतात. कणकेचे हात धुतलेलं पाणी म्हणजे तर चक्क खळ! रोज थोडा थोडा थर चढतो आणि मग एका रविवारी, नेमके पाहुणे आलेले असताना, पिक्चर खलास.

लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असाच एक गोळा सापडला होता. चरबी, तेल आणि वेट वाइप्सचा. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन! सुरुवात मात्र कुणाच्या तरी तळणीच्या भांड्यातूनच झालेली.

बाथरूममधला खलनायक म्हणजे केस. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा फेस कमी आणि चिकट साय जास्त होते. केस जाळं विणतात, साय ते लिंपून टाकते.

काळ्या मातीची एक्स्ट्रा अडचण

राळेगावच्या बाजूला आणखी एक भानगड आहे. काळी माती. कापसाला बेस्ट, पाइपाला वर्स्ट! पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात थेट पुरलेल्या पाइपाचे सांधे हलतात, उतार बिघडतो आणि बिघडलेल्या उतारात गाळ बसतो. म्हणून पाइपाखाली आणि भोवती मुरूम किंवा वाळू घालून घ्यायची. उतार डोळ्यांच्या अंदाजाने नको, मोजून. बाहेरच्या चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांना एक फूट.

सांडपाणी मुरवायला शोषखड्डा हा मस्त उपाय. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे घेतले आणि त्या गावाचं नाव झालं. पण काळी माती ओली झाली की पाणी अगदी सावकाश पिते. तेव्हा खड्डा मुरमाच्या थरापर्यंत न्यायचा आणि विहिरीपासून, बोअरपासून लांब ठेवायचा. त्याच्या आधी एक छोटी टाकी मस्ट. तीत गाळ तळाशी बसतो, तेल वर तरंगतं आणि मधलं पाणी खाली वळवलेल्या पाइपातून पुढे जातं. ही टाकी नसेल तर तेलाचा थर खड्ड्यातल्या मातीची भोकंच बुजवतो आणि खड्ड्याचं डबकं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी झाकण उघडून वरची साय काढायची, बस्स.

पाच मिनिटांचा वीकली प्लॅन

आता राळेगाव असो की कोथरूड, सगळ्यांसाठी कॉमन गोष्टी.

कढई, तवा, रश्श्याची ताटं आधी जुन्या पेपरने पुसा, मग धुवा. उरलेलं तळणीचं तेल बाटलीत भरा, सिंकमध्ये नाही.

सिंकला आणि न्हाणीला बारीक जाळी लावा. पिझ्झाच्या एक्स्ट्रा चीजपेक्षा स्वस्त पडते! रात्री ती कचऱ्याच्या डब्यात झटका. पाण्याखाली धरून कचरा पुन्हा आत सोडू नका.

आठवड्यातून एकदा भांड्यांचं लिक्विड आणि कडकडीत नसलेलं गरम पाणी ओता. उकळतं नको. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं.

सिंकखाली वाटीसारखा बॉटल ट्रॅप असेल तर तो हाताने उघडतो. खाली बादली ठेवा, फिरवा, धुवा, परत बसवा. प्लंबरची व्हिजिट वाचली.

बंद पडून असलेल्या बाथरूममध्ये दर आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. विदर्भातल्या मे महिन्यात ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास थेट बेडरूममध्ये येतो.

सॅनिटरी पॅड आणि वाइप्स कमोडमध्ये कधीच नाही. पॅड पाणी पिऊन फुगतं, ते त्याचं कामच आहे!

आणि ॲसिडची मर्दुमकी नको. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोड्याची पावडर टाकल्यावर काम झालं नाही, म्हणून लगेच वरून ॲसिड ओतणं तर त्याहून वेडेपणा. उकळून थेट तोंडावर उडतं.

आणि शेवटचं, पण सीरियस

एवढं करूनही चेंबर तुंबलं, सेप्टिक टँक भरला, तर कुणीतरी सहज म्हणतं, "एक माणूस बोलावून उतरवू या." इथे थांबा. आत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि धोका कळायच्या आत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. सुरक्षा साधनांशिवाय असं कुणाला उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, घरमालकासाठीसुद्धा. गटारात झालेल्या मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने २०२३मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. पण त्या घरातला माणूस परत येत नाही.

म्हणून मशीनची गाडीच बोलवा. राळेगावात नगर पंचायतीत चौकशी करा, शहरात महापालिकेत. आणि आज घरी फोन कराल तेव्हा आईला जेवलीस का विचारून झालं, की चेंबरचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं, तेही विचारा.