अनुदान अडते सातबाऱ्यावर

२०२३ च्या खरिपातील सोयाबीन आणि कापूस उत्पादकांसाठी राज्य सरकारने जे अर्थसाहाय्य दिले, त्याचे सूत्र सोपे होते. वीस गुंठ्यांच्या आत पीक असेल तर सरसकट १,००० रुपये, त्यापुढे दोन हेक्टरपर्यंत हेक्टरी ५,००० रुपये, आणि पैसे थेट आधारजोड खात्यात. कापसाशी सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांचा फारसा संबंध नाही. सोयाबीन मात्र कराड, पाटण, वाळवा, पलूसच्या शिवारात सगळीकडे. तरीही अनेकांचे पैसे लांबले, कारण खाते सामाईक होते.

पाटण-जावळीकडच्या एखाद्या डोंगरवाडीचा सातबारा काढून पाहा. भोगवटादारांच्या रकान्यात सात-आठ नावे. थोरला भाऊ कधीच वारला, वारस लागलेले नाहीत. दोघे माथाडीत, राहायला कोपरखैरण्याला. बहीण सासरी. शेत कसते ती गावात राहिलेल्या मधल्या भावाची बायको, आणि तिचे नाव या कागदावर कुठेच नाही. पंधरा गुंठ्यांतल्या सोयाबीनचे हजार रुपये मिळवायला सगळ्यांचे संमतीपत्र हवे. सह्यांसाठी मुंबईला जाऊन-येऊन एसटीचे भाडे भरले की हाती काय राहते?

पीएम-किसानचीही हीच गत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावे, तो पात्र. त्यानंतर वारसाने आलेली जमीनही चालते, पण ती सातबाऱ्यावर चढलेली हवी. वर्षाचे सहा हजार केंद्राचे आणि २०२३ पासून ‘नमो शेतकरी’चे तेवढेच, लहान खातेदाराला बारा हजार म्हणजे खताचा मोठा आधार. ई-केवायसी झालेली, आधार जोडलेले, तरी पडद्यावर ‘लँड सीडिंग’समोर ‘नो’ दिसते आणि शेतकरी सेतू केंद्रात पुन्हा अंगठा देत बसतो. दुखणे फेरफारात असते, आपण उपचार पोर्टलवर करत राहतो.

वाटेकऱ्याची गोष्ट आणखी कठीण. जत, आटपाडी, माणमध्ये वाट्याने आणि खंडाने शेती करणारे पुष्कळ आहेत. बी, खत, मजुरी त्यांची. मदत येते ती मालकाच्या खात्यात. पीकविम्याला नोंदणीकृत भाडेकरार मागतात, तो कोणी मालक लिहून देत नाही. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन होऊन दोन पिढ्या उलटल्या तरी ‘कूळ लागेल’ ही धास्ती गावात जिवंत आहे. ओडिशाने ‘कालिया’ योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबांनाही सामावून घेतले होते. मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याची नोंद घेणारा साधा कायदा महाराष्ट्रानेही करावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

तोवर हाताशी असलेले पुरेपूर वापरू या. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्कही त्याच वर्षी माफ झाले. पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय १९९२ च्या ‘लक्ष्मीमुक्ती’ परिपत्रकापासून आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्यासाठी गावे पिंजून काढली होती. आज ही सोय गावात किती जणांना ठाऊक आहे?

सहायक कृषी अधिकारी आणि गट चालवणाऱ्या मंडळींना आमचे सांगणे आहे. वारस नोंद हे महसूलचे काम, असे म्हणून सोडू नका. अर्ज कशामुळे अडला, याची गावनिहाय यादी तुमच्याकडेच असते. त्यातले मयत खातेदार आणि सामाईक खाती वेगळी काढा, ती यादी घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यासोबत चावडीवर बसा. दिवस निवडा तो गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवसाचा. मुंबईकर गावातच असतात, माहेरवाशिणीही आलेल्या असतात, आणि सगळ्या सह्या एका बैठकीत होतात.