पाहणीची पंधरा मिनिटं कोणाच्या हिशेबात?

बांधकामाच्या साइटवर मशीन तासाच्या भाड्याने येते. जेसीबी असो, पोकलेन असो वा हायड्रा, इंजिन सुरू झालं की अवर मीटर पळू लागतो आणि मालकाचं भाडं चालू होतं. काम सुरू करण्याआधी ऑपरेटरने मशीनभोवती फेरी मारावी, तेल-पाणी पाहावं, पिना आणि होज तपासावेत, असं मशीनसोबत येणाऱ्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ही फेरी इंजिन बंद ठेवून मारायची, म्हणजे मीटर थांबलेला असताना. त्या वेळेचं भाडं ठेकेदार देत नाही, म्हणून मालक तो वेळ ऑपरेटरला देत नाही. रोजच्या तपासणीचं घोडं इथेच अडलं आहे. ऑपरेटर निष्काळजी असतात, हे साइटवर सर्रास ऐकू येणारं बोलणं मला मान्य नाही.

ही फेरी काय असते ते जरा सविस्तर सांगायला हवं. सुरुवात जमिनीपासून. रात्रभर उभ्या मशीनखाली तेलाचा ताजा डाग असेल तर वर काहीतरी गळतंय. मग चेन किती सैल आहे, रोलरमध्ये दगड अडकलाय का. बकेटच्या पिनेला धरून ठेवणारा बोल्ट गायब असेल, तर दिवसभराच्या हादऱ्यांनी पीन सरकत सरकत बाहेर येते आणि भरलेली बकेट सुटते. बूमच्या वेल्डिंगपाशी रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्या कडेला गंज दिसला, तर तिथे लोखंड तडकलं आहे असं धरूनच चालायचं. होजची गोष्ट तर फारच वाईट. पोकलेनच्या हायड्रॉलिक तेलाचा दाब काम करताना ३०० बारच्या वर जातो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपटीहून जास्त. होजला सुईएवढं छिद्र पडलं तरी त्यातून निघालेली धार डोळ्याला धड दिसत नाही आणि कातडी भेदून आत शिरते. जखम काटा टोचल्याएवढी. माणूस हात पुसून कामाला लागतो. काही तासांनी बोट सुजतं, आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला तर ते कापावं लागू शकतं. म्हणून गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. हे आपल्याकडे किती हेल्परना कुणी सांगितलं असेल?

क्रेनवर नजर वायररोपवर आणि हुकच्या लॅचवर. दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांवर गेल्या, तर तो दोर वापरायचा नाही, असं केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम कामगार नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं. तारा मोजायच्या तर दोर पुसावा लागतो, ग्रीस बाजूला करावं लागतं, उजेड लागतो. वेळ लागतो.

दोन शिफ्टमध्ये काम चालतं तिथे हा वेळ मुळी उरतच नाही. इंजिन ऑइलची पातळी पाहायची तर मशीन सपाटीवर उभी करून, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावं लागतं. रात्रीचा ऑपरेटर उतरतो, दिवसाचा चढतो, इंजिन धडधडतच राहतं. बदली करताना ‘ब्रेक जरा ओढतोय’ एवढं तोंडी सांगितलं गेलं तर नशीब. रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण असते. अख्ख्या आठवड्याच्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या मी पाहिल्या आहेत. चेकलिस्ट बहुधा इंग्रजीत. मशीन चालवणारा झारखंडचा, बिहारचा किंवा बीडचा. सुपरवायझरही ती कुणाला वाचून दाखवत नाही.

१५ मार्च २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या पूर्व भागात, उंची वाढवताना टॉवर क्रेन कोसळली आणि सात जण गेले. काही टनांची पोलादी कॉलर ज्या पट्ट्यांवर टांगली होती, त्यांतली एक आधीच जीर्ण झालेली होती. पट्ट्या तुटल्या, कॉलर खाली आली. पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली: ४ मार्चला ही क्रेन तपासल्याची नोंद करणारा शहराचा निरीक्षक तिथे गेलाच नव्हता, असा आरोप होऊन त्याला अटक झाली. त्या खोट्या नोंदीमुळे क्रेन पडली असं म्हणता येणार नाही. पट्टी पाहायला हवी होती ती त्या दिवशी, त्या शिफ्टला, ती हातात घेणाऱ्यांनी. वर्षाकाठी येणारा तज्ज्ञ आणि त्याचं प्रमाणपत्र हे काम करू शकत नाही.

अमेरिकेने २०१० मध्ये क्रेनविषयीचे नियम नव्याने केले. प्रत्येक शिफ्टला जाणत्या माणसाने क्रेन पाहायची, धोक्याचा दोष सापडला तर दुरुस्तीपर्यंत ती बंद. आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते कलम: सुरक्षिततेबद्दल शंका आली तर काम थांबवण्याचा आणि भार उचलायला नकार देण्याचा अधिकार ऑपरेटरचा. आपल्याकडे ऑपरेटर ‘आज मशीन चालवणार नाही’ म्हणाला तर दुपारपर्यंत दुसरा ऑपरेटर सीटवर बसलेला असतो.

समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ सरळांबे इथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे लाँचर आणि गर्डर कोसळून २० कामगार मेले, तेव्हा राज्य सरकारने त्याच दिवशी प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली. चौकशीही अशाच मोठ्या दुर्घटनांची होते. रिव्हर्स घेणाऱ्या जेसीबीमागे एकटा हेल्पर चिरडतो तेव्हा चार ओळींची बातमी येते, आणि मागचा हॉर्न किती दिवस बंद होता हे कुणी विचारत नाही.

खंडेनवमीला साइटवरची प्रत्येक मशीन धुतली जाते, तिला झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो. त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. त्या धुण्यात चिखलाखालची गळती आणि तडे दिसतात, हेही ऑपरेटरना चांगलं ठाऊक असतं. त्या दिवशी मशीन बंद ठेवल्याबद्दल कुणी भाडं कापत नाही, कुणी घाई करत नाही.

सार्वजनिक बांधकाम विभागाने, महापालिकांनी आणि मेट्रोच्या यंत्रणांनी निविदेत पाहणीची पंधरा मिनिटं वेगळी बाब म्हणून मांडावीत आणि तिचे पैसे द्यावेत. दोन शिफ्टच्या मध्ये इंजिन बंद ठेवण्याचा वेळ ठरवून द्यावा. चेकलिस्ट मराठी-हिंदीत आणि चित्रांसह असावी. आणि ऑपरेटरने दोष दाखवून मशीन उभी केली, तर त्या दिवसाची त्याची हजेरी पूर्ण धरली जाईल, हे कलम करारात घालावं.