केरसुणी खाली ठेवा

गणपतीआधी माळा झाडायचा, ही आमच्या घरची रीत. यंदा समयांमागे उंदरांच्या लेंड्यांचा सडाच पडला होता. थोरल्या जाऊबाईंनी केरसुणी उचलली, तसा मी त्यांचा हात धरला. “ताई, थांबा. कोरडं झाडलं तर सगळं नाकातोंडात जाईल.”

खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवल्या. हातमोजे चढवले. वाटीभर ब्लीच नऊ वाट्या पाण्यात मिसळून लेंड्यांवर, मुताच्या डागांवर ओतलं आणि पाच मिनिटं भिजू दिलं. (त्यात ॲसिड मुळीच घालू नका, विषारी वायू होतो.) मग कागदानं टिपून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात.

२६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसनं माणसं दगावली. उंदराच्या मुतातले त्याचे जंतू साध्या खरचटल्यातूनही शिरतात. साचलेल्या पाण्याला आपण आता घाबरतो. माळ्याला, सिंकखालच्या कपाटाला नाही. तिथली साफसफाई कामवाल्या मावशींवर ढकलतो, तेही उघड्या हातांनी. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या मावशींच्या बोटांना भांडी घासून भेगा पडल्यात. हातमोज्यांचा दुसरा जोड मी त्यांच्यासाठीच आणला.