वर्गणी नाकारली जाते तेव्हा

शिवथरच्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, ही परंपरा महाराष्ट्राला ठाऊक आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये ही घळ शोधून काढली, तेव्हापासून समर्थभक्तांची पावले तिकडे वळत आली आहेत. समर्थ संप्रदायात भिक्षेला जे स्थान होते त्याकडे मात्र भक्तांचेही पुरेसे लक्ष जात नाही. भिक्षा हे केवळ पोट भरण्याचे साधन नव्हते. दारोदार फिरणाऱ्याला कोणत्या घरात काय दुःख आहे हे कळत असे, आणि देणाराही त्या मूठभर धान्याने कार्याशी जोडला जात असे. झोळी पुढे करताना हे घर कोणत्या तटाचे, असे विचारण्याची सोय तेथे नव्हती.

त्याच महाड-पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांत आज नेत्रतपासणीचे शिबिर असो, रक्तदान असो की वह्यावाटप, पहिला प्रश्न येतो तो 'कार्यक्रम कोणाचा?' हाच. फलकावर कोणाची छबी आहे ते पाहून पाय पुढे टाकायचा की मागे घ्यायचा हे ठरते. एका गटाने शिबिर भरवले की दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्यांना 'तिकडे फिरकू नका' असा निरोप जातो. प्रकट बहिष्कार क्वचितच पुकारला जातो. नुसती कुजबुज पुरते.

अर्थात, दोष एकट्या बहिष्कार घालणाऱ्यांचा नाही. ज्या फलकावर रुग्णाच्या सोयीची माहिती एका ओळीत आणि नेत्यांच्या प्रतिमा दोन हात उंचीच्या, तो फलक सेवेचा म्हणावा तरी कसा? दानाचा देखावा मतांसाठी मांडला की विरोधकाला तो मतांसाठीच मोडावासा वाटणार. तथापि या दोघांच्या ओढाताणीत मोतीबिंदू घेऊन घरी बसते ती म्हातारी. तिला तालुक्याच्या गावी न्यायला घरात तरुण माणूस नसतो. तो मुंबईला नाहीतर सुरतेला असतो. शिबिर वाडीपर्यंत आले होते, तेवढीच तिची संधी.

शहरात एखादा पक्ष कार्यक्रमाला गेला नाही तर खुर्च्या रिकाम्या राहतात, इतकेच. कोकणातील गावात बहिष्काराचे दात अधिक तीक्ष्ण असतात, कारण तेथे पक्षाचे भांडण गावकीत उतरायला वेळ लागत नाही. रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. त्यांतील काहींचे मूळ ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत होते. वाळीत टाकण्याची रीतही मोठी सूचक आहे. त्या घराची वर्गणी घेतली जात नाही. शिमग्यात पालखी त्याच्या अंगणात येत नाही. देणाऱ्याचा हात पुढे आला असताना 'तुझे नको' म्हणणे, ही माणसाला गावातून पुसून टाकण्याची सर्वांत जुनी युक्ती आहे. विरोधकाच्या शिबिरातील रक्त नको, विरोधकाने दिलेल्या वह्या नकोत, हे म्हणणे त्याच कुळातले.

महाराष्ट्राने याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तीचे संरक्षण करणारा हा अधिनियम २०१६ चा. तो जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. राजकीय कल पाहून समाजातील व्यक्तींमध्ये भेदभाव करणेही त्यात निषिद्ध ठरवले आहे, हे फारसे कोणी वाचलेले दिसत नाही. अर्थात, कायद्याने कोणाला रक्तदानाला नेता येत नाही, नेऊही नये. न जाण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. प्रश्न आहे तो जाणाऱ्याची वाट अडवण्याचा.

महाडला ही वाट अडवण्याचा इतिहास नवा नाही. चवदार तळे सर्वांसाठी खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे पाणी घेतले, आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेसाठी मंडपाला जागा मिळेना. ती एका मुसलमान गृहस्थाने, फत्तेखान यांनी दिली. गावचे व्यापारी सामान देईनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे यांच्यासारखे सवर्ण त्या कार्यात उभे होते, हे हिंदू समाजाचे भाग्य. पण बाजारपेठेने दार लावून घेतले, हेही विसरता येत नाही. धर्मरक्षणाच्या नावाने जे तेव्हा झाले त्याची लाज आज वाटते. पक्षनिष्ठेच्या नावाने जे आज चालते त्याची अजून वाटू लागलेली नाही.

वास्तविक या भागाला एकमेकांवाचून जगणे परवडणारे नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड शहर त्याच वेळी पाण्याखाली होते. त्या चिखलात मदतीचे टेम्पो आले ते साऱ्या महाराष्ट्रातून, आणि त्यांवर झेंडेही नाना रंगांचे होते. चटई, धान्य, पिण्याचे पाणी घेताना झेंड्याचा रंग पाहण्याइतकी उसंत कोणापाशी होती? ती उसंत पुढे मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदावरून एकाच सरकारातील मित्रपक्षांत जुंपली, तेव्हा महामार्गावर रास्ता रोको करण्याइतकी माणसेही सहज जमली.

पावसाळ्याच्या तोंडी दरडप्रवण वाड्यांना स्थलांतराच्या सूचना द्याव्या लागतात. दोर, विजेऱ्या, औषधे, कोरडा शिधा गावातच साठवून ठेवावा लागतो, आणि त्यासाठी वर्गणी काढावी लागते. ज्या घराची वर्गणी गेल्या निवडणुकीपासून गावाने घेतलेली नाही, त्या घरी दरडीची सूचना द्यायला रात्री कोण जाणार, हे प्रत्येक गावकीने मे महिन्यातच ठरवून ठेवावे.